हृदय, रक्तवाहिन्या, यकृत: कुठली तपासणी कशासाठी? (नाशिक)

गोदातीर

नमस्कार मंडळी.

सध्या सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर वाटल्या जाणाऱ्या कागदांवर एकच विषय दिसतो: फुल बॉडी चेकअप. एवढ्या रुपयांत एवढ्या तपासण्या, वर ईसीजी आणि सोनोग्राफी मोफत. मी इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं काम बघते, त्यामुळे अशा पॅकेजांचे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. लोक आपणहून तपासणीला येतात याचा मला मनापासून आनंद आहे. जीव तुटतो तो पुढच्या गोष्टीने. माणूस जाडजूड रिपोर्ट घेऊन घरी जातो, ठळक अक्षरातले आकडे बघतो, व्हिटॅमिन डीची गोळी सुरू करतो, आणि ज्या ओळींवर खरं तर डॉक्टरांशी बोलायला हवं होतं त्या तशाच फायलीत जातात.

अशी सगळ्यात दुर्लक्षित ओळ म्हणजे सोनोग्राफीतली 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. 'हल्ली सगळ्यांनाच असतं' म्हणून ती सोडून दिली जाते. पण फॅटी लिव्हर असलेल्या लोकांच्या मृत्यूचं पहिलं कारण यकृताचा आजार नसून हृदयविकार आहे. यकृतात चरबी साठते तिथे बहुतेक वेळा इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी), कमी एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि वाढता रक्तदाब हे सगळं बरोबरच चाललेलं असतं. म्हणून मला हृदयाची फाइल वेगळी, पोटाची फाइल वेगळी हा प्रकारच पटत नाही. दोन्ही रिपोर्ट एकाच डॉक्टरांनी एकाच वेळी बघावेत, हे सांगायला हा धागा काढला.

'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं होतं. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. डेक्सा स्कॅनवर शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाट्यावर विसंबून का चालत नाही ते यात आलं. कंबर मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर, याच्या पुढे गेली तर सावध व्हा.

आता रक्ताचं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमधलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बऱ्याच ठिकाणी थेट मोजलेलं नसतं. फ्रिडवाल्ड यांच्या १९७२ च्या सूत्राने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, शिवाय ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या पुढे गेले की हे सूत्र वापरायचंच नसतं. त्याच्या बरंच खालीसुद्धा ते डळमळीत होतं, आणि आपल्याकडे ट्रायग्लिसराइड्स वाढलेली माणसं घरोघरी आहेत.

इथे अपोलिपोप्रोटीन बी, म्हणजे अपो-बी, कामाला येतं. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या आणि धमनीच्या भिंतीत घुसणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपो-बी मोजलं की कण मोजले जातात. पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटो किती क्विंटल आला हा एक आकडा, आणि किती क्रेट उतरले हा दुसरा. एलडीएल कोलेस्टेरॉल म्हणजे क्विंटल, अपो-बी म्हणजे क्रेट. मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलेल्यांत कण लहान आणि संख्येने जास्त असतात, म्हणून एलडीएल बरं दिसतं आणि अपो-बी वाढलेलं निघतं.

दुसरी तपासणी लायपोप्रोटीन-ए, बोलीभाषेत एलपी-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये हा कण शोधला. त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असतं, पथ्याने किंवा व्यायामाने फारसं हलत नाही, म्हणून सर्वसाधारणपणे आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर असेल तर जास्त धोका धरतात. दोन्ही एककं वेगळी आहेत, एकाला ठराविक आकड्याने गुणून दुसरं काढू नका. दक्षिण आशियाई लोकांत याचं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा जास्त सापडतं. असं असूनही जी पॅकेजं मी बघते त्यात शेकड्यावारी चाचण्या असतात, ही एक नसते.

तुमचे प्रश्न आणि अनुभव लिहा. इथे डॉक्टर मंडळीही आहेत, त्यांनी मनमोकळं लिहावं.

निफाडचा_मळा

ताई, धागा वेळेवर काढला. छाटणीच्या गडबडीतून आज मोकळा झालो म्हणून लिहितो.

वय ५२, घरची द्राक्षबाग. माळकरी आहे, दारूचा थेंब आयुष्यात घेतला नाही. मागे पोट दुखलं म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली, त्यात ग्रेड २ फॅटी लिव्हर आलं. रिपोर्ट देणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, 'रोज किती घेता?' बायको शेजारी उभी होती. द्राक्षाचा बागायतदार म्हटल्यावर लोक आधीच वाइनचं नाव काढतात, त्यात हे. मला फार लागलं ते.

तीच तपासणी पुन्हा करा म्हणतात. ग्रेड २ म्हणजे नक्की किती वाईट? रक्ताचे आकडे देतो: यकृताची एन्झाइम्स एसजीओटी ४६, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८४ हजार. साखर उपाशीपोटी ११२.

गोदातीर

दादा, तो प्रश्न दारूचा इतिहास घ्यायचा म्हणून डॉक्टर विचारतातच, पण विचारायची एक रीत असते. चारचौघांत तसा विचारायला नको होता. न पिणाऱ्यांच्या यकृतात चरबी साठणं हा आता आपल्या देशातला मोठा प्रश्न आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने याचा समावेश मधुमेह, हृदयविकार यांच्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. तुम्ही एकटे नाही.

ग्रेड म्हणजे चरबीमुळे यकृत पडद्यावर किती पांढरं दिसतंय याचा अंदाज. बघणाऱ्याच्या नजरेवर थोडं अवलंबून असतं. चरबी बऱ्यापैकी, साधारण पाचवा हिस्सा किंवा जास्त, साठल्याशिवाय सोनोग्राफीत ती नीट कळत नाही. आणि मुख्य म्हणजे यकृत किती निबर झालंय, ज्याला फायब्रोसिस म्हणतात, ते ग्रेडवरून समजत नाही. पुढची वाटचाल ठरते ती त्या निबरपणावर. ग्रेड ३ वाल्याचं यकृत मऊ असू शकतं आणि ग्रेड १ वाल्याचं निबर.

त्याचा पहिला अंदाज फुकटात निघतो, तुमच्याकडे असलेल्याच आकड्यांतून. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). प्लेटलेट हजारात घ्यायचे.

तुमचं: ५२ × ४६ = २३९२. ६४ चं वर्गमूळ ८, १८४ × ८ = १४७२. भागाकार १.६३ च्या आसपास.

१.३ च्या खाली आला असता तर मोठ्या फायब्रोसिसची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला असता तर यकृततज्ज्ञांकडे लगेच. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, म्हणजे पुढची पायरी फायब्रोस्कॅन, यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांना हे सूत्र नीट लागू पडत नाही. आणि तुमची साखर ११२ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या.

गॅन्ट्री

मी सीटी आणि सोनोग्राफी विभागात टेक्निशियन आहे. फायब्रोस्कॅनबद्दल लिहितो, कारण लोक घाबरून येतात.

सुई नाही, किरण नाहीत. तीन तास उपाशी यायचं, पाणीसुद्धा अगदी घोटभर. पाठीवर झोपून उजवा हात डोक्यामागे घ्यायचा, म्हणजे बरगड्यांमधली जागा मोकळी होते. तिथे जेल लावून प्रोब टेकवतात आणि टिचकी मारल्यासारखं जाणवतं. त्या टिचकीने ५० हर्ट्झची कंपनलहर यकृतातून जाते आणि मशीन तिचा वेग मोजतं. यकृत जितकं कडक तितकी लहर वेगात. असे निदान दहा चांगले शॉट घेऊन त्यांचा मध्यक देतात. उत्तर किलोपास्कलमध्ये. त्याच वेळी चरबीचा आकडाही निघतो, त्याला कॅप म्हणतात.

रिपोर्ट हातात आला की आयक्यूआर (शॉटच्या आकड्यांतला फरक) आणि मध्यकाचं प्रमाण बघा. ते ३० टक्क्यांच्या आत असावं, नाहीतर शॉट एकमेकांशी जुळलेले नाहीत. जाड माणसाला एक्सएल प्रोब लागतो. साध्या एम प्रोबने घेतलं तर आकडा उगाच वाढतो किंवा येतच नाही. जिथे करायचं तिथे फोनवर हे आधी विचारा. जेवून आलात तर यकृतातला रक्तप्रवाह वाढतो आणि आकडाही वाढतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, खोटं सांगू नका की उपाशी आहे. परत बोलावलं तर अर्धा दिवस जाईल, पण चुकीचा आकडा घेऊन वर्षभर काळजी करण्यापेक्षा बरं.

सातपूरकर

धागा चांगला आहे, पण मला एक पटत नाही. पैसे माझे, शरीर माझं. मग सगळंच एकदम का तपासू नये? आमच्या कंपनीतले एक साहेब धडधाकट होते. सहज म्हणून कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन) केला, ६०० च्या पुढे आला. आज औषधांवर आहेत आणि उत्तम आहेत. साध्या तपासण्यांवर विसंबून राहिले असते तर? मी तर म्हणतो डोक्यापासून पायापर्यंत एमआरआय करावा दर वर्षी.

स्टेथो

एमडी मेडिसिन, गेली अनेक वर्षं नाशिकमध्ये प्रॅक्टिस. सातपूरकर, तुमच्या साहेबांच्या बाबतीत कॅल्शियम स्कोअर योग्यच ठरला आणि मी ती तपासणी सुचवतोसुद्धा. मी कुठलीही तपासणी लिहिण्याआधी एकच विचार करतो: उत्तर असं आलं तर काय करणार आणि तसं आलं तर काय करणार? दोन्ही उत्तरांना एकच उपचार असेल तर ती तपासणी मी लिहीत नाही.

चाळिशी ते सत्तरीतला माणूस, एलडीएल जरा वाढलेलं, कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) घ्यायची की नाही अशा कुंपणावर बसलेला. अशाला कॅल्शियम स्कोअर खरा उपयोगी. शून्य आला, आणि तंबाखू, मधुमेह, घरात लवकर आलेला हार्ट अटॅक यातलं काही नसेल, तर स्टॅटिन काही वर्षं पुढे ढकलता येतं. १०० च्या पुढे आला तर बहुतेकांना गोळी सुरू करावीच. १ ते ९९ मध्ये वयाप्रमाणे विचार. म्हणजे उत्तराने निर्णय बदलतो. उलट ज्याची अँजिओप्लास्टी झालेली आहे त्याला कॅल्शियम स्कोअर कशाला? त्याच्या धमन्यांत आजार आहे हे आपल्याला ठाऊकच आहे.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण यावरून लोक गोळ्या बंद करतात. स्टॅटिन सुरू केल्यावर पुन्हा स्कोअर केला तर तो वाढलेला दिसू शकतो. मऊ चरबीचा थर घट्ट होऊन त्यात कॅल्शियम बसतं, आणि घट्ट थर फुटण्याची शक्यता कमी असते. म्हणून गोळी लागू पडतेय का हे एलडीएल आणि अपो-बीवर बघायचं, स्कोअर परत परत करून नाही.

संपूर्ण अंगाचा एमआरआय मात्र मी निरोगी माणसाला सांगत नाही. त्यात काही ना काही सापडतंच: मूत्रपिंडावर पाण्याची गाठ, यकृतात हिमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, थायरॉइडमध्ये बारीक गाठ. बहुतेक निरुपद्रवी. पण दिसलं की मागे लागावं लागतं, पुन्हा स्कॅन, कधी सुई घालून तुकडा. हे करताना कुणाला खरोखर इजा झालेली मी पाहिली आहे. आणि हृदयाच्या धमन्यांतला मऊ थर त्या एमआरआयमध्ये दिसत नाही तो नाहीच.

सातपूरकर

गाठ दिसली आणि ती वाईट निघाली तर? ते कोण भरून देणार? माझं मत कायम आहे, पण 'उत्तर आलं तर काय करणार' हा प्रश्न पटला. निदान कॅल्शियम स्कोअरला तरी तुम्ही नाही म्हणत नाही.

गॅन्ट्री

कॅल्शियम स्कोअर होतो कसा ते सांगतो. छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावतात, हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये स्थिर असतं तेवढ्यात चित्र घेता यावं म्हणून. श्वास रोखायचा, काही सेकंदांत संपतं. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन नसतं. गळ्यातलं मंगळसूत्र, साखळी, ताईत काढून ठेवावं लागतं. बायका मंगळसूत्र काढायला का-कू करतात, त्यांना सांगतो की मशीनच्या खोलीत येण्याआधी नवऱ्याच्या हातात द्या आणि बाहेर आल्या आल्या घाला. किरणांचा डोस साधारण १ मिलिसिव्हर्ट असतो. वर्षभरात माती, हवा, आकाशातून आपल्याला सहज मिळतो त्याच्या निम्म्याहूनही कमी.

१९९० मध्ये डॉ. आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी बसवली. १३० हाउन्सफील्ड एककांपेक्षा जास्त उजळ दिसणारा ठिपका कॅल्शियम मानायचा, त्याचं क्षेत्रफळ गुणिले उजळपणाप्रमाणे १ ते ४, आणि सगळ्या ठिपक्यांची बेरीज.

गोदातीर ताईंनी हृदय आणि यकृत एकत्र बघा म्हटलं, त्यावर एक गोष्ट. या स्कॅनच्या खालच्या कापांत यकृताचा वरचा भाग बहुधा येतोच. साधारण यकृत ५५ ते ६५ एककांचं असतं आणि प्लीहेपेक्षा जरा उजळ. चरबी साठली की ते काळं पडत जातं. ४० च्या खाली गेलं तर चरबी मध्यम किंवा त्याहून जास्त. हे बघायला वेगळा स्कॅन नको, वेगळे पैसे नकोत, चित्र समोरच असतं. पण तपासणी 'हृदयाची' म्हणून आली की रिपोर्टात यकृताबद्दल कधी ओळ असते, कधी नसते. तुम्ही रेडिओलॉजिस्ट साहेबांना विनंती करू शकता की यकृताचा आकडा लिहून द्या. कुणी नाही म्हणत नाही.

अंबड_थर्ड_शिफ्ट

वय ३८, अंबड एमआयडीसीत मशीन शॉपला. वडील ४६ व्या वर्षी झोपेत गेले, अटॅकने. कंपनीच्या मेडिकलमध्ये माझी टीएमटी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले बिनधास्त राहा. पण मी बिनधास्त राहू शकत नाही हो. पोरगी पहिलीत आहे. कॅल्शियम स्कोअर करू का? तंबाखू खातो, खोटं बोलत नाही.

स्टेथो

खरं लिहिलंत ते फार बरं केलंत.

टीएमटी ट्रेडमिलवर हृदयाला पुरेसं रक्त मिळतंय का ते बघते. धमनी बरीच अरुंद, साधारण ७० टक्के, झाल्याशिवाय तिच्यात बदल दिसायची शक्यता कमी. अटॅक मात्र कितीतरी वेळा त्याहून कमी अडथळा असलेल्या जागी मऊ थर फुटून, त्यावर रक्ताची गुठळी बसून येतो. म्हणून नॉर्मल टीएमटी म्हणजे धमन्या स्वच्छ असं नाही.

कॅल्शियम स्कोअर ३८ व्या वर्षी बहुतेकांचा शून्यच येतो, कारण कॅल्शियम बसायला वेळ लागतो. तुमचा शून्य आला तर तुम्ही निश्चिंत व्हाल, आणि तंबाखू व वडिलांचा इतिहास असताना तो शून्य निश्चिंत व्हायला पुरेसा नाही. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो लवकरचा मानतात. ४६ तर फारच लवकर.

तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील. आधी एलपी-ए आणि अपो-बी, सोबत रक्तदाब, एचबीए१सी आणि नेहमीचं लिपिड प्रोफाइल. एलपी-ए वाढलेलं निघालं तर भावंडांचंही बघायचं, पुढे मुलीचंही. हे आकडे बघून मग हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील की सीटी अँजिओग्राफी हवी का. तिच्यात कॉन्ट्रास्ट देऊन मऊ थरसुद्धा दिसतो, पण त्यासाठी मूत्रपिंड ठीक आहे ना हे सांगणारं क्रिएटिनिन बघावं लागतं आणि नाडी साठच्या आसपास आणायला आधी गोळी देतात.

तंबाखू आजपासून. याला कुठलीच तपासणी लागत नाही. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीसाठी मोफत समुपदेशन मिळतं, तिथे जा. सोडताना त्रास होईल, तेव्हा इथे लिहा.

आणि सगळ्यांसाठीच लिहितो: छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं काही आत्ता होत असेल तर वरचं काहीही उपयोगाचं नाही. १०८ किंवा मिळेल ती गाडी, जवळचं मोठं रुग्णालय, पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी आणि रक्तात ट्रोपोनिन. पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं तरी काही तासांनी दुसरं करावं लागतं, कारण इजा झाल्यावर ते रक्तात चढायला वेळ घेतं. अॅसिडिटी समजून रात्रभर सोडा-लिंबू घेत बसलेले लोक सकाळी येतात, तेव्हा हृदयाचा स्नायू गेलेला असतो. ते बघवत नाही.

पल्लवी_कॉलेजरोड

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न आईचा. ६७, मधुमेहाला बरीच वर्षं झाली. चालायला गेली की गोल्फ क्लब मैदानाच्या अर्ध्या फेरीत उजवी पोटरी भरून येते, बाकावर बसली की थांबते, उठली की परत तेच. सगळे म्हणतात वय झालं, कॅल्शियमच्या गोळ्या द्या. हल्ली जिना चढताना दमतेही. एका पॅकेजमध्ये मानेचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) आहे, तो करून घेऊ का?

स्टेथो

पल्लवी, ही कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट नाही. चाललं की भरून येणं आणि थांबलं की जाणं ही पायाच्या धमनीतल्या अडथळ्याची ओळख आहे. मानेचा डॉपलर राहू दे. लक्षण नसताना तो नेमाने करायचा सल्ला आम्ही देत नाही, आणि आईचं लक्षण पायात आहे.

अँकल-ब्रेकियल इंडेक्स करून घे, एबीआय म्हणतात. घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा. रक्तदाबाची साधी पट्टी आणि छोटा डॉपलर पुरतो. ०.९ च्या खाली म्हणजे पायाच्या धमन्यांत आजार. मधुमेह्यांत मात्र एक फसगत होते: धमन्यांच्या भिंती कडक झाल्याने पट्टीने त्या दबतच नाहीत आणि आकडा १.४ च्या वर जातो. तो चांगला आकडा नव्हे. मग पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा पायाचा डॉपलर करावा. पायात आजार सापडला तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही असण्याची शक्यता मोठी, म्हणून त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना दाखव.

दम लागतोय त्यासाठी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला की एनटी-प्रोबीएनपी हे प्रथिन रक्तात वाढतं. १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर हृदय कमकुवत होण्याची शक्यता कमी. वय आणि मूत्रपिंडामुळे ते वाढतं, लठ्ठपणात कमी दिसतं. इकोमध्ये नुसता ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) बघून थांबू नकोस. मधुमेही, रक्तदाब असलेल्या बायकांत ईएफ ६० असतो आणि तरी हृदय नीट सैल होत नसल्याने दम लागतो. 'डायस्टॉलिक' या शब्दापुढे काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचार.

पावलं रोज बघ, जखम आहे का. चपलेचा पट्टा लागतोय का तेही.

पल्लवी_कॉलेजरोड

डॉक्टर, मनापासून आभार. उद्याच नंबर लावते. खर्चाचं जमेल असं ठिकाण असेल तर सांगा.

गोदातीर

पल्लवी, शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयरोगाचा विभाग आहे, तिथे चौकशी कर. आईचं रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेव, पुढे काही करावं लागलं तर महात्मा फुले योजनेसाठी लागेल.

मध्येच राहिलेलं एक: एचएस-सीआरपी. अंगातली सूज सांगणारी तपासणी, १ च्या खाली चांगलं, ३ च्या वर धोका जास्त. पण सर्दी, दाढदुखी, डेंग्यू, चिकनगुनिया यातलं काही होऊन गेलेलं असेल तर ती करू नका. १० च्या वर आला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधतात आणि बरं झाल्यावर पुन्हा बघतात. पावसाळ्यानंतर आमच्याकडे असे वाढलेले कितीतरी आकडे येतात आणि माणसं विनाकारण घाबरतात.

निफाडचा_मळा

फायब्रोस्कॅन करून आलो. उपाशी गेलो होतो, गॅन्ट्री भाऊंनी सांगितल्याप्रमाणे. ७.२ किलोपास्कल, कॅप ३०५. आयक्यूआर १४ टक्के. एचबीए१सी ६.१.

घरात एकाने गुळवेलीचा काढा आणून ठेवलाय लिव्हर साफ व्हायला. घेऊ का?

स्टेथो

दादा, चांगली बातमी आहे. ८ च्या खाली म्हणजे यकृत निबर झाल्याची शक्यता कमी. कॅप २७५ च्या वर म्हणजे चरबी मात्र नक्की आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडे. हे सगळं मागे फिरवता येण्यासारखं आहे.

काढा नको. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले आहेत. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगतो. पण ज्याच्या यकृतात आधीच काहीतरी चाललंय त्याने तो धोका का घ्यावा?

वजन ५ टक्के उतरलं की चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्के उतरलं की सूज कमी होते. तुमचं ८२ किलो असेल तर सहा ते आठ किलो, सहा-आठ महिन्यांत, उपास करून नव्हे. मजुरांबरोबर दिवसातून कितीदा साखरेचा चहा होतो ते मोजा. बाटलीतलं सरबत, कोल्ड्रिंक बंद. बिनसाखरेची कॉफी चालेल. आणि लिपिड प्रोफाइल, अपो-बी, एकदा एलपी-ए करून हृदयाच्या बाजूनेही बघून घ्या.

निफाडचा_मळा

वजन ८४ आहे. चहा सात-आठ कप होतोच, फवारणीच्या दिवसांत जास्त. आजपासून दोन. रिपोर्ट बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली त्या सोनोग्राफीवाल्यालाही नेऊन दाखवा.

अंबड_थर्ड_शिफ्ट

अपडेट. एलपी-ए १६८ नॅनोमोल. अपो-बी ११८. रक्तदाब १३८/८८. हृदयरोगतज्ज्ञांनी स्टॅटिन सुरू केलंय आणि सीटी अँजिओग्राफीची तारीख दिली. धाकट्या भावाचं आणि पुण्याच्या बहिणीचं सॅम्पल या रविवारी द्यायचं ठरलंय. डॉक्टर, एलपी-एसाठी उपाशी जावं लागतं का? बहिणीचं बाळ लहान आहे, सकाळी लवकर निघणं अवघड आहे तिला.

गोदातीर

नाही लागत. एलपी-ए आणि अपो-बी दोन्ही जेवून दिलं तरी चालतं. भावाचं एककही नॅनोमोलमध्येच मागा, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. अंगात ताप असेल तर मात्र बरं झाल्यावर द्यायला सांगा. तंबाखूचं काय झालं तेही लिहा.

अंबड_थर्ड_शिफ्ट

सोडलीय. रात्रपाळीत दोनच्या सुमाराला फार जड जातं. सुपरवायझर बडीशेप ठेवतो माझ्यासाठी.